मूठ संपली की शिंपला

मला हसू फार. आता सत्तरी उलटली तरी ते आवरत नाही, तर सोळाव्या वर्षी काय असेल! लग्नाच्या होमापुढे हसले, सासऱ्यांच्या पहिल्यांदा पाया पडताना हसले, माहेराहून पाठवणी झाली तेव्हा आई रडत होती आणि मी गाडीच्या बैलाचं शेपूट माझ्या तोंडावर आलं म्हणून हसले. "ही लोणावळ्याची पोरगी येडी तर न्हाई ना?" असं सासूने आठ दिवसांच्या आत शेजारणीला विचारलं होतं. मी ते दाराआडून ऐकलं आणि पुन्हा हसले. तेव्हा घरातलं पोर हातचं जायची वेळ आलेली असताना मी हसत होते, हे आधीच कबूल करून टाकते. मी एकटीच नव्हते, सगळं खाचर हसत होतं.

वडील लोणावळ्याला रेल्वेच्या शेडमध्ये कामाला. आई एका बंगल्यावर धुण्याभांड्यांना जायची. मुंबईची माणसं हवा खायला येत, त्यांचा बंगला. ज्या वर्षी घाटातून विजेची इंजिनं धावायला लागली त्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी नाणे मावळात येऊन पडले. कामशेतच्या पलीकडे, नदी ओलांडून. घड्याळ त्या गावात एकही नव्हतं. मी विचारलं, "किती वाजले कसं कळतं?" नवरा म्हणाला, "कळून काय करायचं हाय?"

घरात सासू, सासरे, थोरले दीर, जाऊ आणि आम्ही दोघं. शिवाय जावेचं आठ महिन्यांचं पोर. हे तिसरं. आधीची दोघं एकापाठोपाठ दोन पावसाळ्यांत गेली, दोन्ही हगवणीने. म्हणून या पोराचं नाक टोचून त्यात तांब्याची तार घातलेली, आणि दृष्ट लागू नये म्हणून त्याला कुणी गोड नावाने हाक मारायची नाही. सगळे 'ए कचऱ्या' म्हणत. कचऱ्या मात्र गुटगुटीत, कुणालाही बघून टाळ्या पिटणारा. मी हसले की तो हसायचा, तो हसला की मी. घरात माझी खरी मैत्री त्याच्याशीच होती.

आषाढात आमच्याकडे इर्जिक ठरली. इर्जिक म्हणजे गावातल्या घरांनी मिळून एकाच्या शेतात एका दिवसात काम उरकायचं आणि त्या घराने सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. आज आमच्याकडे, परवा दुसऱ्याकडे. त्यात खाडा करून चालत नाही, कारण रोप कुणासाठी थांबत नाही. दिवस ठरला, पुरुष औतं घेऊन वरच्या खाचरात चिखलणीला उतरले, डझनभर बाया घराला लागून असलेल्या खालच्या खाचरात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, आल्या. आणि नेमकं आदल्या दुपारपासून कचऱ्याला ढाळ सुरू झाले.

सकाळी पडवीत मी त्याला पाहिलं तेव्हा माझं हसू पहिल्यांदाच पळालं. डोळे आत गेलेले. ओठ पापुद्र्यासारखे. टाळूला खळगा पडलेला. रडत होता, पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. मी लंगोट चाचपून पाहिला. "हा ओला कधी केला होता?" असं जावेला विचारलं तर ती म्हणाली, "काल दिवे लागायच्या आधी." थोरले दीर पहाटेच कामशेतच्या डॉक्टरांकडे निघाले होते, पण नदी दोन्ही थड्या भरून चाललेली आणि नावाड्याने नाव झाडाला बांधून ठेवलेली. ते परत आले, पडवीकडे न बघता तसेच वर गेले आणि औताला बैल जुंपले. दिवसभर त्यांच्या बैलांवरच्या आरोळ्या तेवढ्या आम्हाला ऐकू येत होत्या.

सासूचं औषधपाणी कालपासूनच सुरू होतं. औषध होतं, पाणी मात्र नव्हतं. हगवण लागली की पोराचं पाणी तोडायचं, अंगावरचं दूध तोडायचं, हा तिकडचा पक्का रिवाज. आणि टाळू खोल गेली की ती वरून भरायची. सासू कापसाची घडी तेलात भिजवून त्या खळग्यावर ठेवत होती, तेल कानामागून ओघळलं की पुन्हा भिजवत होती.  ती काही दुष्ट बाई नव्हती. नातवासाठी तिनं स्वतःही काल दुपारपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. पोराला नाही तर मलाही नाही, म्हणून.

आणि मला बंगला आठवला. मी दहा वर्षांची असताना तिथल्या मुलीला असेच ढाळ लागले होते. एक नर्सबाई मुंबईहून आली. आईला चुलीवर सातूचं पाणी उकळायला बसवलं आणि मला बसवलं घड्याळापुढे. मोठा काटा पुढच्या आकड्यावर गेला की मी ओरडायचं आणि तिनं मुलीला चमचाभर पाणी पाजायचं. दोन दिवस मी तो काटा राखला. नर्सबाई माझ्याशी फार बोलायची. बोलायला दुसरं कुणी नव्हतंच. आतलं पाणी संपतं म्हणून मूल जातं, ती सांगायची. पाजायचं उकळलेलंच. मीठ घालायचं, पण डोळ्यातल्या पाण्याहून खारट होता कामा नये. आईचं दूध तोडायचं नाही. आणि मुलीला लघवी झाली तेव्हा ती भली थोरली गोरीपान नर्सबाई बंगल्याच्या व्हरांड्यात नाचली होती.

हे सगळं मी सासूला एका दमात सांगून टाकलं. नर्सबाई कशी नाचली तेसुद्धा.

सासू म्हणाली, "वरनं घालशील त्येवढं खालनं जाईल. बुड फुटल्याल्या घागरीत पानी वततं का कुनी?"

माझा स्वभाव हसरा तसा तिखटही. मी म्हणाले, "आत्याबाई, घागर फुटकी आहे म्हणूनच वरून ओतत राहायला पाहिजे. नाहीतर ती रिकामीच होणार."

नवी सून सासूला असं बोलते म्हटल्यावर बांधावर जमलेल्या बायांनी माना वळवल्या. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तेवढ्यात जाऊ उठली. जाऊ म्हणजे विचारल्याशिवाय तोंडातून शब्द न काढणारी बाई. तिनं फळीवरचा शिंपला काढला, लेकरांना घुटी पाजायचा, आणि तो माझ्यापुढे धरला.  सासूने तिच्याकडे पाहिलं आणि तेलाची वाटी घेऊन ती भिंतीला टेकून बसली.

इर्जिकीचा दिवस म्हणजे चुलीवर चाळीस माणसांचा भात रटरटत होता. पेजेला काय तोटा! मी पातेलंभर पातळ पेज काढून घेतली, शिंपला उकळत्या पाण्यात टाकला, आणि मिठाशी येऊन अडले. डोळ्यातल्या पाण्याइतकं म्हणजे किती? जावेचे डोळे कालपासून रडून कोरडे पडले होते. मला काही केल्या रडू येईना. बांधावर बाया जमल्या होत्या, त्यांना विचारलं, "कुणाला रडू येतंय का?"

"कशाला गं?"

"चाखायचंय."

झालं! एकीने दुसरीला चिमटा काढला, दुसरीने तिच्या पाठीत चिखलाचा हात मारला, तिसरी म्हणाली, "माझ्या दाल्ल्याला बोलवा, त्यो लगीच रडिवतो." सगळ्या एकदम फिसकन हसल्या. मग मी तर सुटलेच. पोट धरधरून हसले, दोन्ही डोळ्यांतून घळघळा पाणी आलं, आणि ते मी बोटाने टिपून जिभेवर ठेवलं. पेजेत चिमटीने मीठ घातलं, चाखलं, पुन्हा डोळा चाखला. बरोबर झालं. जाऊ माझ्याकडे भूत बघावं तशी बघत होती.

आता घड्याळ. काटा कुठून आणायचा? खाचरात नजर टाकली. आवणीला रोपांच्या जुड्या बांधलेल्या असतात, एकेका जुडीला मूठ म्हणतात. बाई डाव्या हातात मूठ धरते, उजव्याने चार-चार काड्या चिखलात रोवत मागे मागे सरकते. मूठ संपली की दुसरी उचलते. तेवढा वेळ मला अगदी बेताचा वाटला. मी बांधावर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, "मूठ संपली की ओरडायचं, आणि जाऊबाई, या ओरडल्या की तुम्ही एक शिंपला पाजायचा."

बाया मनापासून कामाला लागल्या. पावसासाठी पानांची इरली पाठीवर, कमरेत वाकलेल्या, हात सपासप चाललेले. "मूठ!" पहिली ओरडली. जावेने शिंपला दिला. पोराने जीभ हलवली, गिळलं! मी टाळी वाजवली. "मूठ!" दुसरी. "मूठ!" तिसरी. "मूठ! मूठ!" पोराला पाजायचंय म्हटल्यावर एकेकीच्या हाताला काय वेग आला होता! त्यांना वाटलं, जितक्या मुठी लवकर तितकं पोर लवकर बरं. जाऊ बिचारी हुकमाची ताबेदार, प्रत्येक आरोळीला एक शिंपला. मी मात्र खाचरातली शर्यत बघण्यात दंग. "ती पुढं गेली, ती पुढं गेली!" करून नाचत होते. बारा बाया आणि एक पोर, हे गणित माझ्या डोक्यात शिरायला पोराला भडाभडा उलटी व्हावी लागली.

सगळं आलं. पाजलेलं तेवढं सगळं बाहेर. पोर मान टाकून पडलं.

खाचरातल्या आरोळ्या थांबल्या. सासू भिंतीपासून उठली, तेलाची वाटी हातात.  मी दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला. माझ्या हुशारीने मी हे पोर मारलं, असं मला वाटलं. शपथेवर सांगते, तेवढा वेळ मला आयुष्यात कधी हसू येणार नाही असं वाटत होतं. मग त्या नर्सबाईचं आठवलं. त्या मुलीलाही उलटी झाली होती, आणि नर्सबाईने मला दोन आकडे गप्प बसायला सांगितलं होतं, मग पुन्हा चमचा, पहिल्यापेक्षा लहान. "थांबायचं, सोडायचं नाही," ती म्हणाली होती.

मी म्हणाले, "जाऊबाई, आता जरा थांबू. मग अर्धा शिंपला. आणि सगळ्यांनी ओरडायचं नाही. एकीनेच."

"कुनी?" खाचरातून एकीने विचारलं.

खाचराच्या कडेला, सगळ्यांच्या मागे, एक म्हातारी मावशी एकटीच वाकलेली होती. गावातली सगळ्यात संथ बाई. बाकीच्यांच्या तीन मुठी होत तेव्हा तिची एक होई. इर्जिकीत तिला बोलवायचं की नाही यावर दर वर्षी चर्चा व्हायची, बाया तिला तोंडावर गोगलगाय म्हणत. उलटीचा गोंधळ तिला कळलाही नव्हता. ती अजून पहिलीच मूठ लावत होती.

मी बोट दाखवलं. "या मावशी."

मावशी कंबर सरळ करून म्हणाली, "म्या काय केलं?"

"तुमच्या मुठीवर पोर जगायचंय, मावशी. तुमची संपली की ओरडा. घाई करायची नाही."

"घाई तर म्या लगनात बी केली न्हाई," मावशी म्हणाली.

मग जे सुरू झालं ते बघायला गाव लोटायला हवं होतं. मावशीला पडवीसमोर पहिल्या जागी आणलं. बाकीच्यांनी तिच्या पुढे जायचं नाही. एरवी जिला ढकलत ढकलत न्यायचं, तिच्या चालीने बाकी साऱ्या बाया चालू लागल्या. मावशीला असा मान उभ्या जन्मात मिळाला नव्हता. ती काडी हातात घ्यायची, बघायची, रोवायची, पुन्हा बघायची. संपली की इरलं मागे सारून, गळा साफ करून, हळदीचं आमंत्रण द्यावं तशी म्हणायची, "मूठ झाली गं माझी." मग अर्धा शिंपला. मधे जाऊ त्याला अंगावर घ्यायची. एक तरणी बाई कुरकुरली, "असं चाललं तर दिवाळी हितंच." मावशी म्हणाली, "तुला घाई असंल तर जा, पोर माझ्याकडं हाय."

दहा मुठी झाल्या, उलटी नाही. वीस झाल्या. ढाळ एकदा झाला, तेव्हा सासूने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "जाऊ दे, आपण भरतोय." पोराने मग आपणहून शिंपल्याकडे तोंड वळवलं आणि जाऊ पहिल्यांदाच न विचारता बोलली, "मागतोय गं."

आता सगळ्यांना एकच ध्यास. लघवी झाली म्हणजे पाणी आत ठरलं, हे मी सांगून बसले होते. वरच्या खाचरातून पुरुषांची हाक आली, "झाला का?" बाया ओरडल्या, "न्हाई अजून!" थोड्या वेळाने पुन्हा, "झाला का?" सासरे म्हणजे चारचौघांत खाकरतानाही विचार करणारे गृहस्थ, ते बैल धुवायच्या निमित्ताने खाली आले आणि भलतीकडे बघत म्हणाले, "काय... म्हंजे... वलं काय?" मी पदरात तोंड घातलं. एकीने मुतासाठी नवस बोलला, अर्धा नारळ. दुसरी म्हणाली, देव अर्ध्या नारळाचं अर्धंच काम करील, अख्खा बोल. लंगोट इतक्यांदा चाचपला गेला की पोर त्या त्रासानेच चिडून ओरडलं, आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब चमकला. खरा थेंब. जावेने तो मला दाखवला आणि स्वतः ढसाढसा रडायला लागली. मघाशी हवं होतं तेव्हा नाही, आता मिठाला काही उपयोग नसताना!

जेवणाची वेळ झाली. भात उतरला, पुरुष वरच्या बांधावर आणि बाया खालच्या, अशा ओळी बसल्या. जावेने कालपासून काही खाल्लं नव्हतं. मी तिच्यापुढे ताट ठेवलं, पोर उचललं आणि वाढायला हात मोकळे हवेत म्हणून सासूच्या मांडीवर नेऊन ठेवलं. शिंपलाही तिच्या हातात दिला.  मावशी जेवता जेवताही आपलं काम विसरली नव्हती. चार घास झाले की म्हणे, "मूठ झाली म्हना." सासूने अर्धा शिंपला भरला, हळूच ओठाला लावला. पोराने तो चुरूचुरू चोखला आणि तिच्या बोटाला धरलं.

मी आमटीचं भांडं घेऊन वळले तर सासू पुतळ्यासारखी बसलेली. तिच्या लुगड्यावर मांडीपासून गुडघ्यापर्यंत एक ओला डाग पसरत होता, आणि खाली जमिनीवर थेंब टपटपत होते.

"मुतला!" मी किंचाळले. आमटी हातातून गेली. "मुतला! मुतला!"

बाया ताटांवरून उठल्या. एकीने दुसरीला खाचरात ओढलं, नुकत्या लावलेल्या रोपात दोघी आडव्या. वरून पुरुषांनी "मुतला!" उचललं, ते पलीकडच्या आळीच्या खाचरात गेलं, तिथून कुणीतरी विचारलं, "कोन?" थोरले दीर धावत खाली आले आणि पडवीच्या पायरीशी चिखलातच मटकन बसले. मावशी म्हणत होती, "माझ्या मुठीवर! माझ्या मुठीवर!" मी हसत होते, रडत होते, आमटीत घसरून पडले आणि पडल्या पडल्या पुन्हा हसले.

सासू तेवढी हलली नव्हती. मी जवळ गेले, म्हणाले, "आत्याबाई, द्या त्याला, लुगडं बदला." तिनं पोर दिलं नाही. ती त्या ओल्या डागावर तळहात फिरवत होती. मग अगदी हळू, मला एकटीलाच ऐकू येईल असं म्हणाली, "मंग त्या दोघास्नीबी पानीच पायजे हुतं."

 मी तिच्या शेजारी बसले. माझं हसू पुन्हा पळालं. थोड्या वेळाने मी पेल्यात पेज आणली आणि तिच्या हातात दिली. तिचाही घसा कालपासून कोरडा होता. तिनं पेज बघितली, जावेकडे बघितलं, आणि मग प्यायली.

लुगडं तिनं संध्याकाळपर्यंत बदललं नाही. कचऱ्या तीन-चार दिवसांत पुन्हा टाळ्या पिटायला लागला. खालचं खाचर त्या वर्षी इतकं वेडंवाकडं लागलं होतं की कापणीला आलेले लोक बघून हसत आणि आम्ही कारण सांगत असू.

सासू त्यानंतर वीस वर्षं जगली. कुणाच्या घरी पोराला ढाळ लागले असं कानावर आलं की ती शिंपला कनवटीला लावून निघायची, बरोबर मावशी असायचीच. त्या घरची म्हातारी पाणी तोडायला निघाली की सासू दारातच सांगायची, "म्या तोडलं हुतं. दोन गेली माझी." कुणी विचारायच्या आधी सांगायची. मग चुलीपाशी बसून पेज मागायची, आणि मिठाची चिमूट टाकली की आधी स्वतःचा डोळा पुसून चाखायची.